पर्यावरण सुरक्षेचं प्रशिक्षण: व्यवस्थापकाला कोणतं, तज्ज्ञाला कोणतं?

वर्षाचं प्रशिक्षण आखताना बहुतेक ठिकाणी वाटणी ठरलेली असते: साहेबांना दोन तासांचं सादरीकरण, पर्यावरण अधिकाऱ्याला आठवडाभराचा कोर्स. हुद्दा वाढला की तास कमी, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण पाळतात सगळे.

नियम मात्र दर वेळी याला दुजोरा देत नाहीत. अमेरिकेत घातक कचऱ्याच्या जागी काम करणाऱ्यांसाठी ‘हॅझवोपर’ हा नियम आहे. तिथे नियमित काम करणाऱ्या कामगाराला ४० तासांचं प्रशिक्षण आणि तीन दिवस देखरेखीखाली प्रत्यक्ष काम सक्तीचं आहे. त्याच्या व्यवस्थापकालाही तेवढंच, शिवाय ८ तास जास्तीचे. त्यात संरक्षक साधनांची व्यवस्था, सांडलेलं रसायन आवरण्याची योजना, आरोग्याला असलेल्या धोक्यांचं मोजमाप असे विषय येतात. वर्षाकाठी ८ तासांची उजळणी दोघांनाही चुकत नाही.

‘आयएसओ १४००१’ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाची २०१५ची आवृत्ती तासांच्या भानगडीत पडतच नाही. कलम ७.२ सक्षमतेबद्दल आहे, ७.३ जाणिवेबद्दल. ज्याच्या कामाचा पर्यावरणावर परिणाम होतो तो त्या कामाला सक्षम हवा आणि त्याचा लेखी पुरावा हवा. किती आणि कसं शिकवायचं, ते संस्थेनं ठरवायचं. ही मोकळीक सोयीची वाटते, पण नुसत्या हजेरीपटावर सक्षमता सिद्ध होत नाही, आणि चांगला ऑडिटर नेमकं तिथेच बोट ठेवतो.

आता व्यवस्थापकाचा आणि तज्ज्ञाचा (म्हणजे पर्यावरण अधिकाऱ्याचा), असे दोन्ही कोर्स शेजारी ठेवून पाहू. रसायनाची एक टाकी घ्या. तज्ज्ञाच्या कोर्समध्ये तिच्याभोवतीच्या, गळलेलं रसायन अडवणाऱ्या बांधाची क्षमता काढायला शिकवतात (सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के हा बराच रूढ निकष), रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाचे १६ विभाग वाचायला शिकवतात, सांडपाण्याचा नमुना घेणं, तो थंड ठेवून वेळेत प्रयोगशाळेत पोचवणं, मीटरचं कॅलिब्रेशन तपासणं हेही येतं. व्यवस्थापकाच्या कोर्समध्ये यातलं फारसं नसतं, आणि नसलं तरी बिघडत नाही. बांधाला तडा गेला आहे, दुरुस्तीसाठी उत्पादन दोन दिवस थांबवावं लागेल, तर थांबवायचं की पुढच्या शटडाउनपर्यंत (देखभालीसाठी कारखाना बंद ठेवतात तोवर) रेटायचं, हा त्याचा धडा. परवान्यातल्या अटी, कायदेशीर जबाबदारी, बदल करण्याआधीचा आढावा, आणीबाणीत कोणी कोणाला कळवायचं, हे त्याला तोंडपाठ हवं.

भोपाळमध्ये १९८४च्या डिसेंबरात वायुगळती झाली, तेव्हा मिथाइल आयसोसायनेटची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती आणि वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर जोडणीतून सुटा होता. असे निर्णय व्हॉल्व्ह फिरवणारा कामगार घेत नाही. म्हणूनच साहेबांच्या दोन तासांच्या सादरीकरणावर माझा विश्वास नाही.

ऑडिटरचे कोर्स हा तिसरा पर्याय. अंतर्गत ऑडिटरचा साधारण दोन दिवसांचा, लीड ऑडिटरचा पाच दिवसांचा. बायोडेटात लीड ऑडिटर उठून दिसतो, त्यामुळे मागणी त्यालाच. पण तो दुसऱ्याची व्यवस्था तपासायला शिकवतो. ड्रम फुटला तर काय करायचं ते नाही. बाहेरच्या संस्थांचं ऑडिट करायचं नसेल, तर तज्ज्ञाला अंतर्गत ऑडिटरचा कोर्स पुरतो.

ऑनलाइनचं थोडक्यात: कायदे आणि कागदपत्रं खुशाल पडद्यावर शिका. नमुना घेणं आणि स्पिल किट (सांडलेलं रसायन आवरायचं साहित्य) वापरणं हातानंच शिकावं लागतं.

पैसे एकालाच कोर्सला पाठवण्यापुरते असतील तर? लहान युनिटमध्ये सही करणारा आणि नमुना घेणारा एकच असतो. त्यानं तज्ज्ञाचा कोर्स करावा. दोघं वेगळे असतील आणि अधिकारी मुळात जाणकार असेल, तर मी व्यवस्थापकाला आधी पाठवीन. अधिकारी परत येतो तो सुधारणांची यादी घेऊन, आणि ती मंजूर करणाऱ्याला त्यातलं काही कळत नसेल तर यादी फायलीतच राहते. अधिकारीच नवखा असेल तर मात्र क्रम उलटा: चुकीच्या आकड्यांवर शहाणा व्यवस्थापकही चुकीचाच निर्णय घेईल.

नाव नोंदवण्याआधी संस्थेला दोन गोष्टी विचारा. शेवटच्या परीक्षेत नुसते पर्यायी प्रश्न असतात की एखादा प्रसंग देऊन निर्णय विचारतात? आणि उदाहरणं तुमच्या उद्योगातली आहेत का? रंगाच्या कारखान्यातल्या माणसाला खाणीच्या गोष्टी सांगणारे कोर्स बाजारात कमी नाहीत.