अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी – चौथ्या प्रकरणासाठी घ्यावा असा गेम

ग्वाल्हेरला खजिन्याच्या गोष्टी नव्या नाहीत. किल्ल्याच्या तळघरातली शिंद्यांची गंगाजळी, तिचं बीजक, म्हणजे खजिन्यापर्यंत नेणारी गुप्त खूण, जयाजीराव महाराजांनी कुणाला सांगितलंच नाही आणि १८८६ साली ते गेले, ही गोष्ट शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत अजूनही रंगवून सांगतात. मोहरा किती होत्या, हे कुणी फारसं विचारत नाही. सगळे बीजकापाशीच अडकतात. खजिना शोधायचे व्हिडिओ गेमही याच कसोटीवर घासून पाहावेत. बीजक खेळणाऱ्याच्या हाती दिलंय, की गेम स्वतःच उलगडून दाखवतो आणि आपल्याला नुसतं चालायला लावतो?

‘द लॉस्ट लेगसी’ अर्धा पहिल्या जातीचा, अर्धा दुसऱ्या. नॉटी डॉग स्टुडिओच्या ‘अनचार्टेड’ मालिकेतला हा गेम २०१७च्या ऑगस्टमध्ये प्लेस्टेशन ४वर आला. २०२२पासून तो ‘लेगसी ऑफ थीव्ज कलेक्शन’मध्ये ‘अनचार्टेड ४’च्या जोडीला प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर मिळतो. नायिका क्लोई फ्रेझर, बाप भारतीय. सोबतीला नदीन रॉस, पूर्वी भाडोत्री सैनिकांची तुकडी चालवणारी. समोर असाव नावाचा बंडखोर पुढारी, आणि शोध गणपतीच्या तुटलेल्या दाताचा. एकूण नऊ प्रकरणं. रमतगमत खेळलात तरी दहाएक तासांत संपतो. आधीचे भाग खेळलेले नसले तरी काही अडत नाही.

सुरुवातीची प्रकरणं म्हणजे बाजार, छपरांवरची पळापळ आणि बटणांची ओळख. शहर कुठलंही असू शकलं असतं. ती पटकन उरकावीत.

चौथं प्रकरण, पश्चिम घाट, हा या गेमचा खरा जीव. जीप मिळते, मोठं खोरं समोर उघडं पडतं आणि एका बुरुजावर चढून क्लोई चारी दिशा न्याहाळते. जे दिसतं ते ती कागदी नकाशावर पेनाने खुणावून ठेवते. त्रिशूळ, धनुष्य आणि परशू अशा खुणांचे तीन किल्ले. कुठल्याही क्रमाने जा. स्क्रीनवर बाण नाही, अंतराचा आकडा नाही. नकाशा उघडायचा, समोरचा धबधबा किंवा कमान त्याच्याशी जुळवायची आणि गाडी हाकायची. एवढ्याशा गोष्टीने खेळणारा मान वर करून जागा बघायला लागतो. बाण असला की नजर त्या बाणालाच चिकटते आणि भोवतीचं सगळं कोरीवकाम वाया जातं. चिखलाच्या चढावर जीप घसरते. तिथे रेस दाबत बसू नये, थोडं मागे येऊन खडकाळ पट्टा धरावा.

याच खोऱ्यात कर्नाटकातल्या जुन्या होयसळ राजघराण्याची ११ नाणी विखुरलेली आहेत. ती गोळा करणं सक्तीचं नाही, म्हणून बरेच जण सोडून देतात, आणि इथेच पस्तावतात. कुठे नाणं शत्रूच्या तळामागे, कुठे धबधब्याशेजारच्या चढणीवर, कुठे एखाद्या छोट्या कोड्याच्या पोटात. सगळी ११ मिळाली की राणीचं माणिक हाती येतं. त्यानंतर जवळपास लपवलेला ऐवज असला की कंट्रोलर थरथरतो आणि आवाज येतो. बक्षीस म्हणून नुसते गुण न देता शोधायचं नवं साधनच दिलंय, ही यातली खरी हुशारी. म्हणून नाणी आधी, किल्ले नंतर. किल्ले संपवून पुढे गेलात की खोरं मागे राहतं. मग मुख्य मेनूमधून प्रकरण निवडून परत यावं लागतं.

कुलूपबंद पेट्या दिसल्या तर सोडू नयेत. कंट्रोलरची स्टिक हळूहळू फिरवायची. जिथे थरथर जाणवते तिथे थांबायचं. घाई केली की ती जागा निसटते. आत बऱ्याचदा आवाज न करणारं पिस्तूल असतं आणि पुढच्या तळावर तेच कामी येतं.

चढाईबद्दल एक बारकावा नवख्यांच्या लक्षात येत नाही. कड्याला लटकलेले असताना स्टिक एखाद्या दिशेला ढकलली की क्लोई तिकडे हात लांबवते. हात खोबणीच्या रोखाने ताणला गेला, तर उडी पोहोचते. हात जवळच घुटमळला, तर तिकडे वाट नाही, किंवा दोर लागणार. उडी मारण्याआधी हात बघायची सवय लावली की दरीत कोसळणं निम्म्याने कमी होतं. उरलेलं कोसळणं कॅमेऱ्याच्या माथी. तो तिरका असताना दोराचा झोका घेतला की दिशा चुकतेच. आधी कॅमेरा दोराच्या सरळ मागे आणावा, झोका पूर्ण पुढे गेला की मगच सोडावं.

कोडी फार अवघड नाहीत, पण दोन झकास आहेत. एकात परशू घेतलेले दगडी पुतळे गोलात उभे असतात आणि मधल्या ठोकळ्यांवरून उड्या मारत पुढे जायचं असतं. तुम्ही एक पाऊल टाकलं की तेही एक वार करतात. तुम्ही उभे, तर तेही उभे. म्हणजे वेळेचं बंधन नाहीच, आणि लोक मरतात ते केवळ धावतात म्हणून. प्रत्येक उडीआधी थांबून कुणाचा वार कुठल्या ठोकळ्यावर पडणार ते बघावं. प्रसंगी एक ठोकळा मागे यावं. दुसरं कोडं सावल्यांचं. मूर्तींचे तुकडे फिरवून त्यांची सावली भिंतीवरच्या चित्राशी जुळवायची. मूर्तीकडे बघत फिरवलं तर डोकं चक्रावतं. नजर भिंतीवरच ठेवावी, सगळ्यात मोठा तुकडा आधी बसवावा. बारके आपोआप जागेवर येतात.

इथेच या गेमची खोडही दिसते. जरा थबकलात की नदीन बोलते, ‘त्या बाजूला काहीतरी आहे’. पुढच्या प्रकरणांत तर वाट एकच, चढायच्या कडा दुरून ओळखू येतील अशा रंगवलेल्या, आणि बीजक क्लोईच वाचून मोकळी होते. हत्तीवरून जायचा प्रसंग आहे, शेवटी आगगाडीवरचा धडाका आहे. बघायला दोन्ही देखणे. शोध मात्र चौथ्या प्रकरणाच्या मागेपुढेच राहतो.

मारामारीत उंच गवत हा खरा मित्र. आत शिरण्याआधी उंचावरून सगळ्यांना खुणावून ठेवावं, कडेच्या माणसापासून सुरुवात करावी. डोक्यावरची खूण पांढरी असेपर्यंत आडोशाला जायला वेळ आहे. पिवळी झाली की तो तपासायला निघालाय. केशरी झाली की संपलं, बंदूक काढा. चिलखतवाल्या धटिंगणावर पिस्तुलाच्या गोळ्या फुकट जातात, त्याच्यासाठी बाँब राखून ठेवावा. अवघडपणाच्या पाच पातळ्या आहेत. शोधण्याची हौस असलेल्यांनी ‘लाइट’ किंवा ‘मॉडरेट’ घ्यावी. ‘क्रशिंग’वर एकेका तळावर इतके पुन्हापुन्हा मराल की तोवर जागेबद्दलचं कुतूहल उडून जाईल.

आता होयसळांविषयी, कारण आपल्याकडच्या वाचकाला त्यांचं गेममधलं रूप खटकणार. होयसळ शिल्प म्हणजे मऊ दगडात दागिन्यासारखी नाजूक कोरणी, ताऱ्याच्या आकाराची जोती, चरकावर घोटल्यासारखे खांब. बेलूर आणि हळेबीडची देवळं हासन जिल्ह्यात आहेत, खोल दरीत दडलेली नाहीत. २०२३पासून सोमनाथपूरसह ती जागतिक वारसा यादीत आहेत. गेममध्ये आहेत ते डोंगराएवढे गणपती आणि शंकर. हळेबीडपेक्षा ते आपल्या ग्वाल्हेर किल्ल्याच्या कड्यात तोमर राजांच्या काळी कोरलेल्या जैन मूर्तींच्या जास्त जवळचे. उरवाईच्या वाटेने वर गेलेल्याला तो अंदाज बरोबर ओळखू येईल. खोरं, धबधबे आणि अवशेष यांचा मेळ कल्पनेतला, हे धरून चाललं की त्रास नाही. परशुरामाच्या वाराने गणपतीचा दात तुटल्याची कथा मात्र क्लोई नीट सांगते: परशू शंकराने दिलेला, म्हणून गणपतीने तो अडवला नाही. कोडीही त्याच कथेतून निघतात, वरून चिकटवलेली वाटत नाहीत. शत्रूच्या तळांपेक्षा या जोडणीवर जास्त मेहनत झालेली दिसते.

याच जातीचं आणखी काही हवं असेल, तर २०१८चा ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’ बघावा. त्यात लढाई, शोध आणि कोडी यांचा अवघडपणा वेगवेगळा ठरवता येतो. शोध अवघड ठेवला की कड्यांवरचे पांढरे पट्टे जातात. ही सोय ‘लॉस्ट लेगसी’त असती, तर शेवटच्या प्रकरणांना वेगळाच रंग चढला असता. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ डिसेंबर २०२४चा. त्यात फोटो काढून आणि टिपणवहीत बघून सुगावा लावायचा असतो, म्हणजे बीजक जास्त तुमच्या हातात. फक्त त्याला रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब) करणारं ग्राफिक्स कार्ड लागतंच, जुन्या कार्डावर चालत नाही.

‘लॉस्ट लेगसी’चं तसं नाही. पीसीवर किमान ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ९६० कार्ड चालतं, पण तेवढ्यावर ७२०पी आणि ३० फ्रेमचीच अपेक्षा ठेवावी. १६ जीबी आणि जीटीएक्स १०६० असेल तर बरं. दोन्ही गेमना मिळून १२६ जीबी जागा लागते. एवढं सगळं उतरवायचं झालं तर १०० एमबीपीएसचं कनेक्शन पूर्ण वेगाने चाललं तरी पावणेतीन तास, आणि संध्याकाळी पूर्ण वेग मिळतो कुठे. रात्री लावून झोपावं. पहिल्यांदा सुरू केल्यावर शेडर, म्हणजे चित्र रंगवायचे छोटे प्रोग्राम, तयार होत असतात. ते पूर्ण होऊ द्यावेत, नाहीतर बाजारातल्या पहिल्याच प्रसंगात चित्र अडखळतं आणि लोक उगीच कार्डाला दोष देतात. मे महिन्यात ग्वाल्हेरच्या दुपारी लॅपटॉप तापून आपणहून वेग कमी करतो. फ्रेम ३०वर बांधून घ्याव्यात. या गेममध्ये फार बिघडत नाही.

प्लेस्टेशन ५वर हा त्रास नाही. तिथे ४के-३० आणि ६० फ्रेम असे पर्याय आहेत. चढाईसाठी ६० घ्या. गेम आपोआप सेव्ह होतो, पण ठरावीक टप्प्यांवरच. एखाद्या तळावर अर्धे शत्रू आडवे केले आणि बत्ती गुल झाली, तर तो तळ पहिल्यापासून. वीज इन्व्हर्टरवर जाताना लागणारा क्षणही पीसी बंद पाडायला पुरतो, म्हणून मध्ये छोटा यूपीएस हवाच. मराठी सबटायटल नाहीत. इंग्रजी सुरू ठेवावीत, कारण जीपमधल्या गप्पांमध्ये किल्ल्यांचे बरेच सुगावे सांडलेले असतात आणि इंजिनाच्या आवाजात ते ऐकू येत नाहीत.