घरचा कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवायचा, तर कोणता आणि कसा?

खानापूरहून मावसभावाचा फोन आला. "दादा, मशीन रात्री बंद करू काय चालूच सोडू?" त्याच्याकडे शेतातल्या दोन कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चालतं. घरचे फोटो, जमिनीचे उतारे, आईच्या दवाखान्याचे कागद त्याच मशीनवर आहेत, आणि पुण्यातली बहीण ते तिकडून उघडते. फोनवर अर्धा तास बोलूनही माझं सगळं सांगून झालं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात ज्यांच्यापुढे हाच प्रश्न आहे, त्यांनाही उपयोग होईल.

एक गोष्ट आधीच सांगतो. नुसता चालू राहिल्यामुळे कॉम्प्युटर सहसा बिघडत नाही. माझा टॉवर, म्हणजे डबा वेगळा असलेला डेस्कटॉप, तीन वर्षं जवळजवळ अखंड चालला आणि गेला तो मे महिन्यातल्या एका वळवाच्या संध्याकाळी. तासाभरात लाईट सहा वेळा गेली आणि आली. सहाव्या वेळी एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा भाग, उडाला आणि जाताना हार्ड डिस्कही घेऊन गेला. म्हणून पुढच्या तुलनेत प्रोसेसरपेक्षा विजेला आणि ओलाव्याला जास्त जागा आहे.

बंद, स्लीप की अखंड चालू

फक्त मुलांचा अभ्यास, ऑनलाइन अर्ज आणि थोडा हिशेब एवढंच काम असेल, तर रात्री बंद करा आणि निश्चिंत झोपा. मात्र यात एक गोम आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' बहुधा आधीपासूनच चालू असतं. त्यामुळे 'शट डाऊन' केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उघडतो. रोज बंद करूनही मशीन जड झाल्याची तक्रार करणाऱ्यांच्या घरी टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' (मशीन किती वेळ सलग चालू आहे) बघितला, की कधी कधी वीस-वीस दिवसांचा आकडा दिसतो. खरा ताजेपणा 'रीस्टार्ट'ने येतो.

स्लीप हा मधला मार्ग आणि दिवसभर अधूनमधून काम करणाऱ्यांना तो सोयीचा. झोपलेला टॉवर साधारण एक ते तीन वॅट खातो आणि काही सेकंदांत जागा होतो. रात्री दोन वाजता उठून बॅकअप घे आणि परत झोप, असंही त्याला टास्क शेड्युलरमधून सांगता येतं. धोका एकच. स्लीपमध्ये उघडी कामं रॅममध्ये असतात, म्हणजे लाईट गेली की ती गेली. आपल्याकडे यूपीएस (लाईट गेल्याबरोबर मशीनला बॅटरीवर घेणारा डबा) नसेल तर टॉवरला नुसतं झोपवू नये, हायबर्नेट करावं. त्यात सगळं डिस्कवर उतरतं.

अखंड चालू ठेवायचं ते ज्याला खरंच रात्रीचं काम आहे त्याने. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, बाहेरगावच्या माणसाला लागणाऱ्या फाइली, मोठे डाउनलोड. मावसभाऊ याच गटात बसतो.

कोणतं मशीन

मॉनिटर बंद आहे आणि मशीन फारसं काही करत नाही, असं धरून महिन्याचा हिशेब असा पडतो:

| मशीन | साधारण वॅट | ३० दिवसांचे युनिट |
|---|---|---|
| जुना टॉवर | ६० | ४३ |
| तोच टॉवर, ८ तास काम आणि बाकी स्लीप | ६० / २ | १५ |
| जुना लॅपटॉप | १२ | ९ |
| मिनी पीसी | १० | ७ |

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ४३ युनिट म्हणजे फक्त बिलातली थोडी वाढ. आपल्याकडे मात्र गृहज्योती आहे. कर्नाटकात २०२३ पासून २०० युनिटांपर्यंत वीज मोफत असली, तरी प्रत्येक घराची मोफत मर्यादा वेगळी आहे. २०२२-२३ मधला महिन्याचा सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के, असा तिचा मूळ हिशेब. समजा तुमची सरासरी १५० होती, तर मर्यादा १६५. त्या १५० वर टॉवरचे ४३ चढले की १९३, म्हणजे २८ युनिटांचे पैसे भरायचे. आता सरासरी १७५ असलेलं घर घ्या. तिथे ४३ मिळवले की २१८ होतात. २०० ओलांडले की फक्त वरच्या युनिटांचं नाही, त्या महिन्याचं सगळंच बिल लागतं. एका टॉवरमुळे घराचं शून्य बिल जाऊ शकतं, हे दुकानात कोणी सांगत नाही. हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, बिलावर तुमची मर्यादा बघा आणि मगच मशीन ठरवा.

जुना लॅपटॉप घरात पडून असेल तर चोवीस तासांच्या कामाला मी आधी तोच घेईन. वीज कमी लागते आणि बॅटरी म्हणजे पोटातच बसवलेला यूपीएस. झाकण मिटल्यावर काहीच करू नको, ही सेटिंग पॉवर ऑप्शन्समध्ये द्यायची. पण बॅटरीची काळजी मनापासून घ्यायला हवी. लिथियम बॅटरी कायम शंभर टक्के भरलेली आणि वर उष्णता, अशा स्थितीत ती फुगते. टचपॅड वर उचललेलं दिसलं, बुडाशी फट पडली, तर त्याच क्षणी चार्जर काढा आणि बॅटरी बदलून घ्या. ही बाब पुढे ढकलायची नाही. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० किंवा ६० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती चालू करा. ती नसेल आणि बॅटरी जुनी असेल, तर माझं मत लॅपटॉपच्या विरोधात जाईल.

नवीनच घ्यायचं असेल तर इंटेलच्या एन१०० सारख्या कमी विजेच्या प्रोसेसरचा मिनी पीसी घ्या. त्यावर व्हिडिओ एडिटिंगची अपेक्षा धरू नका. फाइली, बॅकअप, कॅमेरे, एवढं तो बिनतक्रार करतो. मोठा टॉवर विकायचीही गरज नाही. तो स्लीपमध्ये राहील, जड काम आलं की उठवायचा.

आणि विंडोज १० वरचं मशीन कायम इंटरनेटला जोडून ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्या, मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. मशीन विंडोज ११ घेत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाका. जुन्या लॅपटॉपवर ते हलकं चालतं.

यूपीएस की घरचा इन्व्हर्टर

"घरात इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला?" हे मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलं जातं.

इन्व्हर्टरचा फायदा वेळेचा. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी लहान मशीन आणि राउटर रात्रभर ओढू शकते. अडचण अदलाबदलीच्या क्षणात आहे. लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला 'नॉर्मल' मोडमध्ये चाळीस मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात. पंखा-दिव्याला ते कळतही नाही. कॉम्प्युटरचा एसएमपीएस पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंदच तग धरतो, आणि मशीन रीस्टार्ट होतं. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे किंवा समोर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं. ते यूपीएसवर करा, अदलाबदल दहा मिलिसेकंदांच्या आसपास येते. त्या मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो. शहरात हे बरंच. पण जिथे संध्याकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज बसतं, तिथे बॅटरी सारखी वापरली जाते आणि लवकर म्हातारी होते. पंपांच्या लाईनवर असलेल्या मळ्यातल्या घरांनी याचा विचार करून ठेवावा. उद्यमबागेसारख्या कारखान्यांच्या भागाजवळ राहणाऱ्यांनीही, कारण मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेजला झटका बसतो.

यूपीएसचं उलट. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी असते. टॉवर आणि मॉनिटर धरून ती पंधरा-वीस मिनिटं देते. मिनी पीसी आणि राउटर एवढंच असेल तर तासभर. व्होल्टेजचे छोटे चढउतार तो बॅटरीवर न जाताच सावरतो. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. घेताना दोन गोष्टी विचारा. भार फार कमी असला की तो आपोआप बंद तर होत नाही? आणि यूएसबी केबल आहे का? केबल असेल तर बॅटरी संपत आली की मशीन स्वतः व्यवस्थित बंद होतं. स्वस्त यूपीएसमध्ये ती बहुधा नसते.

दोन्ही जोडायचे असतील तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे लाईनसारखी सलग लहरीची वीज देणारा, हवा. स्क्वेअर वेव्हची वीज बरेच यूपीएस धड ओळखत नाहीत, आणि इन्व्हर्टर चालू असूनही यूपीएस स्वतःची बॅटरी संपवत बसतो. माझी निवड म्हणाल तर टॉवरसाठी यूपीएस हवाच, आणि लॅपटॉपला साइन वेव्ह इन्व्हर्टर पुरे.

बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) 'वीज परत आल्यावर सुरू हो' अशी सेटिंग असते, ती दिली की घरात कोणी नसतानाही मशीन उठतं. मात्र विजा चमकू लागल्या की यातलं काही पुरत नाही. प्लग काढा आणि राउटरकडून येणारी तांब्याची केबलही काढा, कारण झटका तिथूनही येतो.

घाटाकडचा पाऊस, निपाणी-चिकोडीकडची धूळ

जांबोटी-कणकुंबीकडे पावसात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे बंद मशीनची काय कथा. त्या पट्ट्यात चालू मशीन आपल्याच उबेने कोरडं राहतं. तीन महिने बंद ठेवलेल्या टॉवरच्या रॅमच्या पट्ट्यांवर गंज चढतो आणि गणपतीला घरी आलेल्या मुलाला कोरी स्क्रीन दिसते. उबेचा तोटाही आहे. पाल आणि मुंग्या ऊब शोधत आत शिरतात. टॉवरच्या मागच्या रिकाम्या फटींना पट्ट्या लावा.

निपाणी, चिकोडी, अथणीकडे प्रश्न धुळीचा आणि उन्हाळ्याचा. दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारावा लागतो, आणि मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. चालू मशीनवर विणलेलं कव्हर घालू नये, बंद कपाटातही ठेवू नये.

चालू ठेवल्यावर सांभाळ

हे थोडक्यात. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट, शक्यतो बुधवारी सकाळी, कारण मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे मुख्य अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतात आणि आपल्याकडे तेव्हा रात्र असते. ब्राउझरच्या पन्नास टॅब रात्रभर उघड्या नकोत. मशीन जड होतं त्याचं कारण बहुतेक वेळा तेच. एसएसडीची (आतल्या वेगवान डिस्कची) पंधरा टक्के तरी जागा मोकळी ठेवा. कॅमेऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जाईल अशी मुदत घाला, नाहीतर ती जागा महिन्यात भरते.

मावसभावाकडे जुना लॅपटॉप आहे, बॅटरी ठीक आहे, इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे. म्हणून त्याला नवीन काही घ्यायला लावलं नाही. फक्त घराचं अर्थिंग सुकलंय. पाऊस लागायच्या आत खड्डा उकरून मीठ-कोळसा भरून घे, एवढं काम त्याच्या अंगावर टाकलंय. मिनी पीसी दिवाळीला बघू.