बसल्या बसल्या मारायची पेडल सायकल, चार महिने वापरून : साडेतीन स्टार

बाबांना जानेवारीत स्ट्रोक आला, डावी बाजू गेली. फिजिओ मॅडम घरी यायच्या, हातापायाचे व्यायाम, वॉकर धरून हॉल ते किचन, सगळं ठीक चालू होतं. मार्चमध्ये त्या म्हणाल्या आता डॉक्टरांना विचारून दम वाढवायचं पण सुरू करू, आठवड्यात ३ ते ५ दिवस, हळूहळू २० मिनिटांच्या वर न्यायचं. आता फुटाळा तलावावर रोज फिरणारा माणूस, पण नागपूरचा एप्रिल, सकाळी नऊलाच बाहेर तोंड काढवत नाही, त्यात एक पाय घासत चालणं. म्हणून ही सायकल.

धंतोलीतल्या एका सर्जिकल दुकानातून १८५० ला घेतली. दुकानदार मोटरवाली गळ्यात मारून राहिला होता, "काकांना काही करायचंच नाही ताई, पाय आपोआप फिरतात." अहो तेच तर नको होतं! मॅडमला तिथूनच फोन लावला, त्या म्हणाल्या मोटरनं पाय फिरला तर सांधा मोकळा राहील, पण मेहनत मोटरची, दम काय मोटरचा वाढवायचा आहे का. १० हजार वाचले.

घरी आणली तर बाबांचं पहिलं वाक्य, "शिवणाची मशीन आणली काय वं?"

आता तक्रारी. फरशीवर सरकते, फार सरकते, चार पेडल मारले की सायकल पुढं आणि बाबा खुर्चीत मागं. खाली जुनी सतरंजी आणि पुढून भिंत, खुर्ची हातवाली आणि बिनचाकाची, तेव्हा कुठं बसली. पेडलचा पट्टा तर नुसता नावाला, चांगल्या पायाला ठीक आहे पण लुळा पाय टाचेकडून घसरतो. आम्ही मागून पट्टा असलेली सँडल घालून वरून क्रेप बँडेज गुंडाळतो, फार आवळत नाही. डावा गुडघा बाहेर पडतो, त्यामुळे बाजूला मोढ्यावर बसून मी हात लावून ठेवते. टाइट करायचा नॉब १० मिनिटांत गरम होतो, लहान मुलं असतील तर सांभाळा. डिस्प्लेवर कॅलरी वगैरे येते, तिकडं पाहूच नका, उजवा पाय ओढून राहिला आणि डावा नुसता फिरायला आलाय हे त्याला कळत नाही. "डाव्यानं दाबा" हे तोंडानंच म्हणावं लागतं.

किती जोर लावायचा हा मोठा प्रश्न होता. बाबांना बीपीची जी गोळी आहे तिनं नाडी वाढतच नाही फारशी, मग घड्याळातल्या पल्सवर भरवसा कसा ठेवणार. मॅडमनी एक आकड्यांची पट्टी दिली, ६ ते २०, ६ म्हणजे काहीच नाही आणि २० म्हणजे जीव जायची वेळ, आपण ११ ते १३ मध्ये राहायचं. बाबा आकडा कधीच नीट सांगत नाहीत, पण टीव्हीवरच्या अँकरला अख्खं वाक्य सुनावता आलं तर बरोबर, गाणं म्हणायला लागले तर नॉब अर्धा फेरा आवळते, आणि एकेका शब्दाला थांबले तर सैल. आधी आणि नंतर बीपी मोजतोच, चक्कर वाटली की बंद.

खरं सांगते, मे मध्ये ११ दिवस सायकल दिवाणाखाली होती. नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लाइट जायची, कूलर बंद, बाबा म्हणाले "मले मारून टाकता काय", आणि मीही कंटाळले होते. परत काढली तेव्हा आधीचे १५ मिनिटं सलग जमेनात, पाचव्यालाच थांबले. मग ५-५ मिनिटं तीनदा केलं, सकाळच्या चहाआधी, बारा वाजता, संध्याकाळच्या बातम्यांना. हे चाललं. आता २२ मिनिटं होतात, फक्त बातम्यांना, कारण मी नसले की आई मोढ्यावर बसते आणि दोघं मिळून अँकरला शिव्या देतात. एकटे असले की पाच मिनिटांत "झालं माझं".

अर्धा स्टार सरकण्यासाठी कापला, एक पट्ट्यासाठी. घेणार असाल तर पेशंटला सोबत नेऊन, लुळा पाय पट्ट्यात घालूनच घ्या, आम्ही फोटो पाहून घेतली. आणि टाच अडकेल असा मोठा पेडल कुठं मिळत असेल तर सांगा ना, मेडिकल चौकात चार दुकानं पाहून झाली.