टीएलपी: बॅटरीची बचत आणि 60 सेकंदांची जोखीम

लिनक्सवरील लॅपटॉपची बॅटरी अधिक काळ टिकावी यासाठी टीएलपी हे मोफत साधन मी मनापासून सुचवतो, मात्र त्याची एक सेटिंग समजून घेतल्याशिवाय ते वापरू नये. आपण लिहिलेला मजकूर डिस्कवर जाण्यापूर्वी काही काळ मेमरीतच राहतो. चार्जर जोडलेला असताना टीएलपी ही मुदत 15 सेकंद, तर बॅटरीवर 60 सेकंद ठेवते, आणि त्या अवधीत यंत्र अचानक बंद पडले तर तेवढे काम जाऊ शकते. मुदत लांबवल्याने फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क तेवढा वेळ थांबवून ठेवता येत असल्याने तिथे हा सौदा खरोखर लाभाचा होता, आणि कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, जुना लॅपटॉप मोड तर ही मुदत 10 मिनिटांपर्यंत नेत असे. फिरते भाग नसलेल्या एसएसडीवर मात्र ही बचत फारच किरकोळ आहे. डेटाबेससारखे प्रोग्रॅम एफसिंक ही आज्ञा वापरून नोंद तत्काळ डिस्कवर उतरवून घेतात, त्यामुळे त्यांना या मुदतीची झळ सहसा लागत नाही. मजकूर लिहिण्याच्या साध्या प्रोग्रॅमबाबत तशी खात्री नसते. ज्यांची बॅटरी जुनी होऊन अचानक मान टाकते, त्यांनी बॅटरीवरील मुदतही 15 सेकंदच ठेवावी. प्रोसेसर आणि वायफाय यांच्यावरील टीएलपीची बचत त्याने कमी होत नाही.