तिकिटांचा संग्रह विकायचाय: लिलावगृह, डीलर की थेट संग्राहक?

वडिलांनी किंवा आजोबांनी जमवलेले अल्बम कपाटातून बाहेर आले की पहिला प्रश्न असतो, ‘एवढ्या दहा अल्बमचे किती येतील?’ अल्बम मोजून याचं उत्तर मिळत नाही. बहुतेक संग्रहांची किंमत मूठभर तिकिटांत आणि थोड्या जुन्या पाकिटांत दडलेली असते. लिलावगृहाची वाट धरायची की नाही, हेही त्या मूठभरांवरच ठरतं. आमचा सल्ला सरळ आहे: अख्खा संग्रह एकाच दारी नेऊ नका. आधी निवडा, मग विका.

निवडायचं कसं, हे एका उदाहरणाने पाहू. ठाण्याच्या संग्राहकांकडे रेल्वे शताब्दीचं 2 आण्यांचं तिकीट हमखास असतं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, त्याच्या शंभरीनिमित्त 1953 साली ते निघालं. जुनं आहे, आपल्या गावाशी नातं सांगणारं आहे, पण सुटं वापरलेलं तिकीट मुबलक मिळतं, म्हणून लिलावात त्याला स्वतंत्र जागा नाही. आता त्याच अल्बमच्या मागच्या खिशात एकोणिसाव्या शतकातलं, टपालातून खरोखर प्रवास केलेलं पाकीट असेल आणि त्यावर ठाण्याचा स्पष्ट शिक्का असेल, तर ते लिलावगृहाला दाखवण्याजोगं. तिकीट सुटं असो वा पाकिटावर, तेच असलं तरी पाकिटावर मार्ग, तारीख आणि टपालाचा दर शाबूत राहतो. म्हणूनच पाकिटावरचं तिकीट कापून काढू नका. एका कात्रीत मूल्य जातं आणि ते परत आणता येत नाही.

लिलावाच्या ढिगात 1854 ची अर्धा, एक आणि चार आण्यांची लिथोग्राफ (शिळाछापाची) तिकिटं, जुन्या संस्थानांची तिकिटं, छपाईतल्या ठळक चुका आणि 1948 चं गांधींचं 10 रुपयांचं तिकीट येतात. 1980 नंतरची कोरी तिकिटं, फर्स्ट डे कव्हर (नव्या तिकिटावर पहिल्याच दिवशीचा शिक्का मारलेली पाकिटं), परदेशी मिश्र तिकिटं आणि शिक्का मारूनच विकली गेलेली रंगीत तिकिटं या ढिगात बसत नाहीत. ती डीलरकडे वजनावर किंवा ठोक भावाने जातात. कोरी आधुनिक तिकिटं दर्शनी किमतीलाही जाताना कष्ट पडतात, त्यामुळे मनाची तयारी आधीच ठेवा. मधला गट थेट संग्राहकांचा: पूर्ण मालिका, मिनिएचर शीट (एक-दोन तिकिटांचे छोटे सजवलेले कागद), 1949 ची पुरातत्त्व मालिका, पक्षी किंवा रेल्वेसारख्या विषयांचे संच.

आता पैशांचं पाहू. समजा, लिलावात एका लॉटची, म्हणजे एकत्र विकायला ठेवलेल्या मालाची, बोली 40,000 रुपयांवर थांबली. विक्रेत्याचं कमिशन 15 टक्के धरलं तर 6,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 1,080, म्हणजे तुमच्या हाती 32,920 रुपये. शिवाय खरेदीदार बोलीवर लिलावगृहाला आपलं वेगळं प्रीमियम भरतो. तेही 15 टक्के असेल तर लॉट त्याला करापूर्वीच 46,000 ला पडतो, आणि बोली लावताना तो हा हिशोब डोक्यात ठेवतो. फोटो, विमा, कॅटलॉग यांचं शुल्क काही ठिकाणी वेगळं असतं, म्हणून ‘सगळं वजा जाता माझ्या खात्यात किती?’ हा एकच प्रश्न लेखी विचारा. डीलर त्याच लॉटला 22,000 देईल, पण आज देईल. तो पुढे विकेपर्यंत पैसा अडकवतो, नकली निघण्याची जोखीम उचलतो. फरक त्याचाच आहे, त्याला फसवणूक समजू नका. हजार रुपयांच्या खालच्या लॉटला मात्र लिलावाचं ठरलेलं किमान शुल्कच खाऊन टाकतं. तिथे डीलरच बरा.

थेट संग्राहकाला विकलं तर मधलं कमिशन वाचतं, पण काम सगळं तुमच्यावर येतं. दोन्ही बाजूंचे स्कॅन, दोषांचं प्रामाणिक वर्णन, पैसे आल्यावरच स्पीड पोस्ट, तिकीट ग्लासीनच्या (गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाच्या) पाकिटात आणि दोन्ही बाजूंनी कडक पुठ्ठा. दहा-वीस लॉटपर्यंत हे जमतं, पाचशे तिकिटांना वर्ष जातं.

कॅटलॉगमधल्या किमतीवर मात्र विसंबू नका. स्टॅनली गिबन्स या ब्रिटिश तिकीट-विक्रेत्या कंपनीच्या यादीतली किंमत ही चांगल्या प्रतीच्या तिकिटाची विक्रेत्याने लावलेली किंमत असते. तुम्हाला मिळणारा भाव त्याहून बराच खाली असतो. राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली विकायचं नाही ती रक्कम, कॅटलॉगच्या आकड्यावर धरली की लॉट न विकताच परत येतो. न विकलेला लॉट लगेच पुढच्या लिलावात टाकला तर ओळखणारे खरेदीदार थांबून बघतात, भाव आणखी पडतो. राखीव किंमत थोडी खाली ठेवून दोघांत चुरस लावणं हे बहुतेक वेळा जास्त फळतं.

लिलावगृहाच्या करारात आम्ही पाच गोष्टी बघतो: लॉट कसे पाडणार हे कोण ठरवणार, राखीव किंमत लेखी आहे का, माल त्यांच्या ताब्यात असताना विमा कोणाचा, न विकल्यास परतीचा खर्च कोण देणार, आणि खरेदीदाराने पैसे बुडवले तर काय. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. हातोडा पडला म्हणजे पैसे आले असं नव्हे. माल देण्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत काही महिने जातात, म्हणून फीची किंवा घराच्या हप्त्याची तारीख त्यावर बांधू नका. संग्रह वारसाने आला असेल तर भावंडांची लेखी संमती आधी घ्या. विक्रीनंतरची भांडणं मालाहून महाग पडतात.

भावावर सगळ्यात जास्त परिणाम होतो तो स्थितीचा. ठाण्या-नवी मुंबईत खाडीकाठची दमट हवा हा तिकिटांचा मोठा शत्रू. मागचा गोंद ओलावा धरतो, तिकिटं एकमेकांना चिकटतात, कागदावर तपकिरी ठिपके पडतात, कसर लागते. हे दिसलं तरी घरी दुरुस्तीच्या मागे लागू नका. कोरं तिकीट पाण्यात भिजवलं की गोंद गेला आणि बरीच किंमतही गेली. चिकटलेलं ओढलं तर कागद पातळ होतो, आणि पाठीमागून उजेडात तो पातळ भाग लगेच उमटून दिसतो. हिंजचे (तिकीट अल्बमला चिकटवायच्या कागदी पट्टीचे) अवशेषही खरवडू नका. अल्बम उभे ठेवा, कपाटात सिलिका जेल ठेवा, डांबराच्या गोळ्या अल्बमपासून दूर ठेवा. पीव्हीसीच्या खिशात तिकिटं असतील तर ती काढा. त्यातलं रसायन रंगावर येतं. दाखवायला नेणं पावसाळ्यानंतर जमत असेल तर तसंच करा.

गांधींच्या 10 रुपयांच्या तिकिटाची नक्कल सर्रास फिरते, म्हणून ते सापडलं की हर्षभरित होण्याआधी भिंगाखाली धरा. मूळ तिकीट स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉझिए या छापखान्याने फोटोग्राव्ह्युअर पद्धतीने छापलं. छायेचे ठिपके बारीक आणि एकसारखे दिसतात. आधुनिक छपाईच्या नकलेत दहापटीच्या भिंगातून वेगवेगळ्या रंगांच्या ठिपक्यांची फुलासारखी जाळी दिसते. कडेचे दात मोजा: 2 सेंटिमीटरमध्ये साडेअकरा. सरकारी वापरासाठीची ‘सर्व्हिस’ छाप असलेलं तिकीट तर डोळे झाकून कोणीच घेत नाही, कारण खऱ्या तिकिटावर खोटी छाप मारणं सोपं असतं. अशा वेळी तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र हवं. लंडनची रॉयल फिलॅटेलिक सोसायटी अशी प्रमाणपत्रं देते. फी आणि वेळ दोन्ही लागतात, तेव्हा ते फक्त मोठ्या किमतीच्या एखाद्या-दुसऱ्या तिकिटासाठीच परवडतं.

परदेशी लिलावगृहाचा मोह जुन्या ब्रिटिशकालीन मालासाठी होतो, कारण तिथे या विषयाचे जाणकार खरेदीदार भेटतात. पण शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंवर 1972 चा पुरावशेष आणि कलाकृती कायदा लागू होऊ शकतो, आणि पुरावशेषाची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. त्यामुळे पुरातत्त्व खात्याकडून लेखी स्पष्टता मिळेपर्यंत एकही जुनं पाकीट कुरिअरने परदेशी धाडू नका. स्वतंत्र भारताच्या तिकिटांना तर आपल्याच देशात मागणी जोरदार आहे, बाहेर पाठवायची गरजच नाही.

मुंबईला माल दाखवायला नेताना सगळे अल्बम पाठीवर मारून निघू नका. निवडलेल्या वीस-तीस लॉटचे फोटो आधी पाठवा, ज्यांना रस आहे त्यांच्याकडेच दुपारच्या गर्दी नसलेल्या लोकलने जा, आणि पिशवी रॅकवर न ठेवता मांडीवर ठेवा. महापेक्ससारख्या राज्यस्तरीय तिकीट-प्रदर्शनात एकाच छताखाली अनेक डीलर बसतात. तिथे तीन भाव विचारून झाले की लिलावाची राखीव किंमत ठरवणं सोपं जातं. कोणाकडेही माल ठेवलात तर प्रत्येक लॉटचा क्रमांक, वर्णन आणि दोष लिहिलेली सही-शिक्क्याची पावती त्याच टेबलावर मागा, आणि फोटोंवर तारीख दिसेल असे दोन काढून ठेवा.