दारावरचं भुंकणं आणि एकटेपणाचं भुंकणं
बेल वाजली की आमची राणी भुंकते ते खालच्या पट्टीत, खरखरीत, एकाला एक लागून. आम्ही कुलूप लावून निघालो की आवाज वेगळाच: उंच, स्वच्छ, एकदा भुंकणं, मग शांतता, पुन्हा एकदा. अमेरिकेतल्या पशुवैद्य सोफिया यिन यांनी 2002 साली 10 कुत्र्यांचं भुंकणं तपासून हाच फरक मांडला होता. पहिल्यात ‘कोण आलंय?’, दुसऱ्यात ‘कुठे गेलात?’

पहिलं, आलेला माणूस ओळखीचा निघाला की बहुतेकदा थांबतं. दुसऱ्यावर मात्र रागावू नका, अगदी कळवळून सांगते. जिन्यात थांबून ऐकलंय मी ते. शेवटी बारीक कण्हणं येतं. एकटं राहायची सवय हळूहळूच लावावी लागते: आधी दोन मिनिटं, मग पाच.