सीमाभागात मंडळी निवडताना : मेथडिस्ट, कॅथलिक की स्वतंत्र फेलोशिप?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठीत प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाला मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, वाण नाही. पण लग्न, बदली किंवा मुलांची शाळा यांच्या निमित्ताने आपण नक्की कोणत्या मंडळीचे व्हायचे, हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. पर्याय ढोबळमानाने तीन आहेत : जुन्या मिशनमधून वाढलेली मेथडिस्ट मंडळी, कॅथलिक धर्मग्राम (एका हद्दीतले चर्च व त्याचे सभासद) आणि अलीकडच्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या, कोणत्याही जुन्या पंथाशी न जोडलेल्या स्वतंत्र फेलोशिप. दर रविवारी मोबाइलवर वेगवेगळे उपदेश ऐकणे हा काहींचा चौथा पर्याय असतो. परंतु इब्री लोकांस पत्रात (१०:२५) एकत्र मिळणे न सोडण्याचा आग्रह एकमेकांस बोध करण्यासाठी धरलेला आहे, आणि पडद्यासमोर बसणारा फक्त ऐकतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तो आधार जरूर घ्यावा; धडधाकट माणसाने त्यावर भागवू नये.

उरलेल्या तिघांची तुलना करताना बहुतेक लोक गायन, उपदेश आणि गर्दी पाहतात. माझ्या मते त्याआधी पाहायची गोष्ट वेगळी आहे : आपण सलग तीन रविवार दिसलो नाही, तर चौकशीला कोण येईल, आणि आपल्या हाती काही काम दिले जाईल का? माणसाची वाढ मुख्यतः या दोन गोष्टींवर ठरते.

मेथडिस्ट परंपरेत या चौकशीची सोय मुळातच होती. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथे प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे सुमारे बारा जणांचे गट पाडले गेले आणि प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी जमा करण्याचे ठरले. वर्गणीसाठी घरोघर फिरणाऱ्या गटप्रमुखांना कोणाच्या घरी काय चालले आहे हे दिसू लागले. त्यातून मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी परस्परांच्या आत्मिक स्थितीची विचारपूस करणाऱ्या वर्गसभा उभ्या केल्या. बेळगावात १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने सुरू केलेले काम १९०४ मध्ये अमेरिकन मेथडिस्टांकडे आले, तेव्हा ही परंपराही त्यासोबत आली. आज मात्र अनेक ठिकाणी तिचे रूप घरगुती प्रार्थनासभेइतकेच उरलेले आढळते, तेही लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या दिवसांत अधिक. म्हणून अशा मंडळीत जायचे तर पाळकसाहेबांना पहिल्याच भेटीत आपल्या गल्लीतली घरगुती सभा कोणाकडे आणि कोणत्या वारी भरते, हे विचारावे. उत्तर चटकन मिळाले नाही, तर तेही एक उत्तरच समजावे.

या मंडळीची खरी ताकद सभासदांच्या सहभागात आहे. पाळकांच्या नेमणुका बिशप वार्षिक परिषदेत करतात आणि बदल्या होत राहतात. त्यामुळे हिशेब, संडे स्कूल, महिला मंडळ हा सगळा गाडा स्थानिक लोकांनाच ओढावा लागतो. कापणीच्या सणाला वेदीपुढे मांडलेले भोपळे, केळीचे घड आणि नाचणीच्या पिशव्या उपासनेनंतर लिलावात निघतात, तेव्हा लिलाव पुकारणारा, पैसे मोजणारा आणि वहीत लिहिणारा अशा तिघांची गरज लागते. नव्या माणसाच्या हाती ती वही आली, की तो पाहुणा राहत नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. सभासदत्व घराण्याने चालत येते, समितीच्या निवडणुकीत तट पडतात, आणि बाहेरून आलेल्याला दोन-दोन वर्षे शेवटच्या बाकावर बसावे लागते.

कॅथलिक धर्मग्रामात प्रवेशाची पद्धत निराळी आहे. तेथे मनुष्य सहसा आपल्या राहत्या हद्दीतल्या धर्मग्रामाचा असतो. आवडीनिवडीला त्यामुळे लगाम बसतो, आणि नको असलेल्या शेजाऱ्याच्याच बाजूला गुडघे टेकावे लागतात, हा मला त्या व्यवस्थेचा गुण वाटतो. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असल्याने पवित्र शास्त्राचा मोठा भाग धर्मगुरूच्या आवडीवर अवलंबून न राहता कानी पडतो. वर्षातून एकदा तरी गंभीर पापांची कबुली द्यावी, असा नियम आत्मपरीक्षणाला ठरलेली जागा देतो. बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये गोव्याच्या आर्चडायोसिसमधून (मुख्य धर्मप्रांतातून) वेगळा झाला, त्यामुळे कोकणीचा वावर अजूनही मोठा आहे. मराठी मिस्सा (कॅथलिक उपासना) कोणत्या चर्चमध्ये व किती वाजता, याची चौकशी आधी करावी. मोठ्या धर्मग्रामात मिस्सा संपताच पांगणारी गर्दी ही अडचण आहे. शेजारपाजारच्या घरांच्या छोट्या ख्रिस्ती समूहात नाव नोंदवले नाही, तर माणूस अनोळखीच राहू शकतो.

स्वतंत्र फेलोशिपमध्ये आपुलकी पहिल्याच दिवशी भेटते. फोन येतो, आजारपणात डबा येतो, दर आठवड्याला बायबल अभ्यास असतो, आणि नुकत्याच विश्वासात आलेल्या तरुणालाही साक्ष देण्यासाठी उभे केले जाते. चौकशीच्या कसोटीवर ही मंडळी अनेकदा पहिली येते, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण संस्थापक पाळक हाच उपदेशक, खजिनदार आणि अखेरचा न्यायाधीश असेल, तर त्याच्याशी मतभेद झाल्यावर सभासदाने दाद कुठे मागावी? सामील होण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : दशांशाचा (उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या दानाचा) हिशेब कोणापुढे ठेवला जातो, पाळकांना जाब विचारणारे कोणी आहे का, आणि दफनासाठी जागा कुठे मिळते. शेवटचा प्रश्न ऐकायला रुक्ष वाटतो, पण तो ऐन दुःखाच्या दिवशी समोर आला तर घरची माणसे कोलमडतात. बाप्तिस्म्याचाही विचार हवा. मेथडिस्ट किंवा कॅथलिक घरात बालपणी बाप्तिस्मा झालेल्याला अनेक फेलोशिपमध्ये पुन्हा पाण्यात उतरावे लागते, आणि आईवडिलांना तो आपल्या श्रद्धेचा अव्हेर वाटतो. कॅथलिक चर्च मात्र त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या) नावाने पाण्याने झालेला मेथडिस्ट बाप्तिस्मा ग्राह्य धरते.

भाषेचा प्रश्न तिन्हीकडे आहे. आजी मराठी भजनांवर वाढलेली, नातू इंग्रजी माध्यमात, शाळेत कन्नड. अशा घराने सगळ्यांत सफाईदार उपासना शोधण्यापेक्षा, जिथे आजीला उपदेश कळतो आणि नातवाला संडे स्कूलमध्ये शिक्षक मिळतो ती जागा धरावी, मग गायन थोडे बेसूर असले तरी चालेल.

माझा कल सांगायचा तर, मेथडिस्ट घरातल्या माणसाने जुनी मंडळी सोडण्याआधी तिच्यात एक वर्ष काम मागून पाहावे. एकदा नव्हे, समिती बदलल्यावर पुन्हा मागावे. तरीही कोणी विचारत नसेल, तर हिशेब उघडा ठेवणारी फेलोशिप निवडण्यात काही गैर नाही. कॅथलिकाने हेच वर्ष आपल्या वाड्यातल्या समूहात काढावे. निपाणीकडच्या ज्या घराला जवळ मराठी उपासनाच नाही, त्याने महिन्यातून एकदा कोल्हापूर किंवा बेळगावला जाण्यापेक्षा जवळच्या कन्नड मंडळीत दर रविवारी जावे आणि घरची प्रार्थना मराठीत ठेवावी.